जंगलाची वाट आणि गावठी वखद

दिग्गी हे उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातलं, गोव्याच्या सीमेला टेकलेलं गाव. काळी नदी याच परिसरात उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ अरबी समुद्राला मिळते. वाटेत तिच्यावर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणं आहेत, काठावर कैग्याचा अणुवीजप्रकल्प आहे. तिच्या पाण्यावर तयार होणारी वीज दूरच्या शहरांत पोहोचते. उगमाकडच्या वाड्यांवर मात्र पावसाळा लागला की ओढे भरतात, कच्चे रस्ते तुटतात आणि आजारी माणसाला डोलीत घालून, खांद्यावर वाहून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तालुक्याचं क्षेत्रफळ प्रचंड, वस्ती जेमतेम पन्नास हजारांच्या आसपास आणि मधे सगळं रान. अशा मुलखात घरामागचा कुडा, बांधावरची अडुळशाची झुडपं आणि रानातली सातवीण यांना ‘वारसा’ म्हणणं मला अपुरं वाटतं. चार महिने दवाखाना हाताशी नसेल तर पहिला उपचार तिथूनच येतो.

म्हणूनच या विषयावर आपल्याकडे ज्या दोन सुरांत बोललं जातं, त्या दोन्हींबद्दल माझी तक्रार आहे. एक सूर भक्तीचा. आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, रानातल्या माणसाकडे प्रत्येक रोगावर मुळी आहे, विज्ञान आता कुठे तिथवर पोहोचतंय. दुसरा सूर झटकून टाकण्याचा. हे सगळं अडाणीपणाचं, शिकलेल्या माणसाने याच्या वाटेला जाऊ नये. दोन्ही सुरांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे बोलणाऱ्याला त्या रानात जायचं नसतं. एकाला तिथल्या माणसाचा अभिमान हवा असतो, दुसऱ्याला त्याची लाज. तो माणूस आज सकाळी जंगलात पाऊल टाकू शकतो की नाही, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. वनौषधींचं ज्ञान झाडात नसतं आणि वहीतही नसतं. ते त्या झाडापर्यंत वारंवार जाणाऱ्या माणसात असतं. त्याची वाट अडवली की एका पिढीत ते संपतं, मग त्याच्या कितीही याद्या छापल्या तरी.

सातविणीचंच पाहा. सिंधुदुर्गात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे कारीट फोडतात आणि सातविणीच्या सालीचा कडूजहर रस घोटभर पितात. खाली दक्षिणेत, तुळू मुलखात, आषाढातल्या अमावास्येला हाच रस भल्या पहाटे घेतात आणि साल काढताना लोखंड न लावता दगडाने ठेचून काढतात. वनस्पतीकोशात सातविणीपुढे ‘साल ज्वरनाशक’ एवढी नोंद सापडेल. पण साल काढायला पहाटेच्या अंधारात निघालेल्या माणसाला कोशापेक्षा बरंच जास्त ठाऊक असावं लागतं. त्याच रानात काजराही असतो, आणि काजऱ्यात स्ट्रिकनीन असतं. अंधारात हात चुकला, साल बदलली, तर औषध प्यायलेलं घर सकाळपर्यंत आडवं होईल. झाड आदल्या दिवशी हेरून ठेवायचं, खोड हाताने चाचपून ओळखायचं, साल किती खोल काढली तर झाड जगतं ते सांभाळायचं, रस कुणाला किती द्यायचा आणि कुणाला मुळीच द्यायचा नाही हे ठरवायचं: ज्ञान म्हणायचं ते याला. हे सगळं सरावाने येतं आणि सराव सुटला की जातं.

जोयड्याच्या कुणब्यांकडे हा सराव किती बारीक आहे ते कंदांवरून कळतं. मुडली, माडी, कोन, कणगी, सुरण, करांदे अशा कंदांची इथली शेती आता आसपासच्या भागात नावाजली जाते. गेल्या काही वर्षांत हिवाळ्यात जोयड्याला कंदांचा मेळा भरतो, कारवार-गोव्याकडून लोक खरेदीला येतात. अन्न आणि औषध यांच्यातली रेघ इथे पुसट होते. रानातले काही करांदे जसेच्या तसे खाल्ले तर घसा धरतात, उलट्या करवतात. त्यांचे काप काढून, राख लावून, वाहत्या पाण्यात ठेवून, पुन्हा उकडून त्यांचं विष उतरवायचं असतं. ही प्रक्रिया कुणी प्रयोगशाळेत बसून शोधलेली नाही. उपाशी माणसांनी पिढ्यान् पिढ्या चुका करत, कधी जीव गमावत ती घडवली आहे. दुष्काळात, धान्य संपलेल्या आषाढात, हेच कंद घर जगवत आले. ‘लोकवैद्यक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुळी उगाळणारा म्हातारा येतो. कंदाचं कडूपण घालवणारी बाई येत नाही. माझ्या हिशेबी तिचं काम आधी मोजायला हवं.

आता हे ज्ञान लिहून ठेवण्याचा इतिहास पाहू. तो दिग्गीपासून फार लांबचा नाही. घाट उतरलं की गोवा. तिथे १५६३ साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवरचा आपला संवादरूप ग्रंथ छापला. हिंदुस्थानात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या ग्रंथांपैकी तो एक. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, धर्मसमीक्षण सभेने त्याची हाडं उकरून जाळली, पण ग्रंथ युरोपभर पसरला. शंभरेक वर्षांनी कोचीचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने ‘होर्तुस मलाबारिकुस’ करवला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला त्याचे १२ खंड निघाले. ऱ्हेडेने एक गोष्ट केली ती नमूद करण्यासारखी आहे. ज्यांनी वनस्पती दाखवल्या, सांगितल्या, त्यांची प्रमाणपत्रं त्याने ग्रंथात छापली. इट्टी अच्युतन हा एळवा जातीचा वैद्य त्यात आहे, आणि रंगभट, विनायक पंडित, आपूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांची १६७५ सालची साक्ष देवनागरी लिपीत आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका वसाहती ग्रंथाने सांगणाऱ्याचं नाव लिहिलं. पुढच्या काळात ती रीतही राहिली नाही. ‘स्थानिक लोक या वनस्पतीचा वापर करतात’ असं एक वाक्य येतं आणि त्या वाक्यात गावंच्या गावं नाहीशी होतात.

याचं सह्याद्रीतलं मोठं उदाहरण नरक्याचं. फुलांच्या दुर्गंधीमुळे हे नाव पडलेलं हे लहानसं झाड महाबळेश्वरपासून कोल्हापूर, सिंधुदुर्ग, गोवा आणि उत्तर कन्नडच्या सदाहरित रानांपर्यंत आढळतं. गोष्ट सुरू होते दूर अमेरिकेत. १९६६ साली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशींवर चालणारं द्रव्य वेगळं केलं. यातले वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. १९७२ साली मुंबईच्या सिबा संशोधन केंद्रातले गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिलं की तेच द्रव्य आपल्या नरक्यात आहे, आणि चांगल्या प्रमाणात आहे. १९९६ साली कॅम्प्टोथेसिनपासून घडवलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. आज जगभर अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ती वापरली जातात. ही विज्ञानाची अस्सल कामगिरी आहे. ती नाकारणारा माणूस कर्करोगाच्या वॉर्डात कधी गेलेला नसावा.

पण सह्याद्रीत काय झालं? औषध परदेशात, कच्चा माल इथे, आणि मधे दलाल. डोंगरातून नरक्याची झाडं मुळासकट उपटली गेली, तुकडे करून पोत्यांत भरली गेली, ट्रकांतून गेली. वन खात्याच्या धाडींच्या बातम्या कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येत राहिल्या. पकडला जायचा तो बहुतेक वेळा मजुरीवर झाड तोडणारा. झाड ओळखण्याचं त्याचं ज्ञान आता रोजंदारीवर भाड्याने गेलं होतं. ज्या समाजाला झाड किती घ्यावं आणि किती ठेवावं हे कळत होतं, त्याच समाजातल्या माणसाला उद्याचा विचार करायला जागाच ठेवली नव्हती. रान त्याचं नाही; आज त्याने सोडलेलं झाड उद्या दुसरा कुणी उपटणार. मग तो कशाला सोडील?

हेच उप्पग्याचं झालं. कोकमाच्या कुळातलं हे फळ उत्तर कन्नडच्या जंगलात भरपूर. त्याची साल वाळवून आमसुलासारखी वापरायची जुनी रीत आहे. गेल्या शतकाच्या शेवटी पाश्चात्त्य देशांत वजन कमी करण्याच्या गोळ्यांची लाट आली आणि त्यासाठी लागणारं आम्ल उप्पग्याच्या सालीत निघालं. भाव कडाडले. फळ पिकण्याआधीच ओरबाडलं जाऊ लागलं, कारण पिकेपर्यंत थांबणाऱ्याच्या हाती काही उरत नव्हतं. फांद्या तोडल्या गेल्या. भर पावसात साल वाळवायला चुली पेटल्या आणि त्यासाठी आणखी लाकूड गेलं. त्या गोळ्यांनी किती जणांचं वजन उतरलं ते बाजाराला माहीत. पण ज्यांत हे आम्ल वापरलं जात होतं त्या एका प्रसिद्ध उत्पादनाबद्दल २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यकृताला इजा होत असल्याचा इशारा दिला आणि कंपनीने माल परत घेतला. घरच्या सारात चार पाकळ्या टाकणाऱ्या बाईला तिच्या मापाबाहेर ही वस्तू जाईल असं कधी वाटलंही नसेल. वस्तू तीच राहिली आणि तिच्याभोवतीचं माप, वेळ आणि संयम यांचं कुंपण निघून गेलं.

यावर उपाय म्हणून लाभवाटपाची कल्पना पुढे आली, आणि तिचं सर्वांत गाजलेलं उदाहरण केरळातल्या काणी आदिवासींचं. १९८७ साली अगस्त्यमलैच्या डोंगरात वनस्पतिशास्त्रज्ञ पुष्पांगदन यांच्या पथकाला वाटाड्या काणींनी थकवा घालवणारी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली. तिच्यापासून तिरुवनंतपुरमच्या संस्थेने ‘जीवनी’ हे औषध बनवलं, १९९५ साली ते एका औषध कंपनीला दिलं आणि मिळालेल्या रकमेतला निम्मा वाटा काणींच्या न्यासाला ठरवला. न्यास १९९७ साली स्थापन झाला. जगभर या प्रयोगाचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण पुढचा अडथळा कुठे आला ते फार कमी सांगितलं जातं. काणींनी ती वनस्पती लावायला, गोळा करायला सुरुवात केली तेव्हा वन खात्याने हरकत घेतली, कारण राखीव जंगलातून ती काढण्याचा त्यांना अधिकार नव्हता. ज्यांच्या ज्ञानावर औषध उभं होतं त्यांना झाडाला हात लावायची मुभा नव्हती. पैशाचा वाटा कागदावर मान्य झाला, वाटेचा हक्क मात्र झाला नाही, आणि तो नसल्यामुळे पैशाचा वाटाही आटत गेला.

इथे एका कडू गोष्टीकडे वळायला हवं. मी वर सराव, पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव असं म्हणालो त्याचा अर्थ तो अनुभव नेहमी बरोबर असतो असा नाही. सर्पगंधेची कथा या बाबतीत डोळे उघडणारी आहे. ही मुळी आपल्याकडे सर्पदंशावर देत, वेडावर देत, झोपेसाठी देत. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती वर्षानुवर्षं उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर वापरून पाहिली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष मांडले. १९५२ साली तिच्यातलं रेसरपिन वेगळं झालं आणि रक्तदाबाच्या उपचारात एक नवं पर्व सुरू झालं. १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. परीक्षेने काय केलं? मुळीची ताकद खरी ठरवली आणि सापाच्या विषावरचा तिचा दावा बाद केला. अशी परीक्षा लोकज्ञानाचा अपमान कशी काय ठरते? उलट ते गंभीरपणे घेण्याचा तोच एक मार्ग आहे.

सर्पदंशाच्या बाबतीत तर नम्रपणे पण ठामपणे बोलायला हवं. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेल्याचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर प्रतिविष लस सोडून दुसरं औषध नाही. मुळी उगाळण्यात, मंत्र घालण्यात, कोंबडी लावण्यात गेलेला प्रत्येक तास रुग्णाच्या आयुष्यातून वजा होतो. विंचवाचंही तेच. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने मुलं पटापट दगावत होती. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वापरून ते मृत्यू रोखता येतात हे सिद्ध केलं. हे संशोधन दिल्लीच्या किंवा लंडनच्या इमारतीत झालं नाही. खेड्यातल्या रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसून, नाडी आणि रक्तदाब टिपत ते झालं. रुग्णाच्या शेजारी बसण्याचा हा गुण चांगल्या वैजूकडे, म्हणजे गावठी वैद्याकडेही असतो. बावस्करांनी त्याला मोजमापाची जोड दिली. गावठी वैजूला दवाखान्याचा शत्रू न मानता त्याच्या हाती पहिली सूचना द्यावी: साप चावला तर वेळ न घालवता रुग्णाला पाठव. रुग्ण आधी त्याच्याकडेच येतो, त्यामुळे त्याने पाठवला तर तो वेळेत पोहोचतो. अर्थात त्यासाठी दिग्गीसारख्या गावाला पावसाळ्यात टिकणारा रस्ता आणि जवळच्या आरोग्यकेंद्रात प्रतिविष लस हवी. लोकांची अंधश्रद्धा हा मुद्दा त्यानंतरचा.

प्राण्यांच्या बाबतीत माझं मत आणखी कडक आहे. झाडाची साल जपून काढली तर झाड जगतं, पान तोडलं तर पुन्हा फुटतं. घोरपडीचं किंवा धनेशाचं तसं नाही. दांडेली-जोयड्याच्या रानात मोठा धनेश आणि मलबारी शबल धनेश दोन्ही आहेत. त्यांच्यासाठी २०११ साली दांडेलीत खास संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. धनेशाच्या चरबीचं तेल सांधेदुखीवर चालतं अशी समजूत देशात अनेक ठिकाणी आहे. मादी ढोलीत स्वतःला चिणून घेऊन पिल्लं वाढवते तेव्हा बाहेरचा नर मारला तर आतलं सगळं घर उपाशी मरतं. आणि धनेश गेला की त्याच्या पोटातून दूरवर पसरणाऱ्या रानजायफळासारख्या झाडांच्या बियाही जागच्या जागी पडतात. एका गुडघ्याच्या न सिद्ध झालेल्या आरामासाठी ही किंमत मोजता येत नाही.

शहरातला श्रद्धाळू माणूस यात निर्दोष नाही. पूजेच्या साहित्याच्या दुकानांत आणि इंटरनेटवर ‘हाथाजोडी’ नावाची वस्तू दुर्मीळ वनस्पतीचं मूळ म्हणून, संपत्ती आणणारी म्हणून विकली जाते. ती नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असते, हे २०१७ साली तपासण्या आणि धाडींतून जाहीरपणे पुढे आलं. घोरपड हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. खवले मांजराच्या खवल्यांचा बाजार तर समुद्रापार, चीनच्या दिशेने. खवले म्हणजे आपल्या नखांसारखं केराटिन, आणि त्यात कसलाही औषधी गुण सिद्ध झालेला नाही. २०१६ साली आंतरराष्ट्रीय करारात त्याच्या व्यापारावर पूर्ण बंदीचा निर्णय झाला, २०२० साली चीनने आपल्या औषधकोशाच्या यादीतून खवले वगळले. त्याच वर्षी चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात, सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या पुढाकाराने, खवले मांजराची प्रतिकृती पालखीत घालून खवलोत्सव साजरा झाला. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. बाहेरून आलेल्या फलकापेक्षा गावाच्या पालखीत बसलेला प्राणी जास्त सुरक्षित असतो, कारण मग त्याला मारणं हा गावाचा अपराध होतो.

मुंग्यांची गोष्ट याहून वेगळी. झाडांवर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या हुमल्यांची चटणी उत्तर कन्नडच्या रानात सिद्दी आणि इतर समाज आवडीने खातात, सर्दी-खोकल्यावर देतात. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळालं. प्राण्याचा वापर झाला म्हणजे तो वाईटच, असं म्हणता येत नाही. किती घेतलं, काय उरलं, परत कधी घ्यायचं याचा हिशेब बसतो का, एवढं पाहावं.

वाघाचं नातं या हिशेबापलीकडचं आहे. गोव्याच्या सत्तरी, सांगे, काणकोणात आणि सीमेच्या या बाजूलाही वाघाला देव मानलं जातं. ‘वाघ्रो’ म्हणून त्याची मूर्ती पुजली जाते. ज्याने गाय मारली त्याच्यापुढे नारळ ठेवण्याची ही रीत शहरी माणसाला कळणं कठीण. तिच्यामुळेच वाघ आणि गुराखी एका रानात शतकानुशतकं राहू शकले. आणि तरीही जानेवारी २०२०मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले. गुरं गेली होती, भरपाई वेळेवर मिळाली नव्हती, जंगलावरचे हक्क वर्षानुवर्षं रखडलेले होते. वाघ मेले त्याचं दुःख मला आजही आहे आणि मारणाऱ्यांचं समर्थन मी करणार नाही. पण वाघाला देव मानणारी माणसं त्याला विष घालण्यापर्यंत का पोहोचली, याचं उत्तर ‘श्रद्धा ढासळली’ एवढ्यावर संपत नाही. माणसाचं रानाशी असलेलं नातं आधी कचेरीत तोडलं गेलं होतं.

काळीच्या खोऱ्यात हीच तोडणी सावकाश चाललेली आहे. १९५६ साली दांडेली अभयारण्य, १९८७ साली अणशी राष्ट्रीय उद्यान, २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प, २०१५ पासून त्याचं नाव काळी व्याघ्रप्रकल्प. दरम्यान सुप्याच्या धरणात जुनं सुपे गाव बुडालं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. आता प्रकल्पाच्या क्षेत्रातल्या कुटुंबांपुढे स्वेच्छा पुनर्वसनाचा प्रस्ताव असतो. कुटुंबाला १० लाख, २०२१ पासून १५ लाख. वाघांना मोकळं रान हवं हे मला मान्य आहे. दवाखाना, शाळा, रस्ता यांच्या ओढीने काही कुटुंबं आपणहून निघतात, तेही मी समजू शकतो. पण रस्ता आणि दवाखाना नाकारत ठेवून मग मिळवलेल्या होकाराला ‘स्वेच्छा’ म्हणताना जीभ अडखळायला हवी. जाणाऱ्या घराबरोबर कुठली झाडं, कुठल्या ओहळाकाठचे कंद, कुठल्या महिन्यातल्या साली विस्मृतीत गेल्या, याची भरपाई कुठल्याही पत्रकात नसते.

कायद्याची एक विसंगती इथे थेट बोट ठेवून दाखवता येते. गोव्यातल्या कुणब्यांना २००३ साली गावडा आणि वेळीप समाजांबरोबर अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. घाट चढून जोयड्यात आलं की तोच समाज, त्याच चालीरीती, सोयरीकसुद्धा सीमेपार. पण इथल्या कुणब्यांना कर्नाटकात तो दर्जा नाही, मागणी वर्षानुवर्षं पडून आहे. याच जिल्ह्यातल्या सिद्दींना तो २००३ सालीच मिळाला. फरक नुसता नोकरीतल्या जागांचा नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात आदिवासींना एक निकष आहे आणि इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याच्या पुराव्याचा. हा मुलूख १८६२पासून १९५६पर्यंत मुंबई इलाख्यात आणि मग मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूरमध्ये गेला. दप्तरं बदलली, भाषा बदलली, कुमरीची फिरती शेती इंग्रजांच्या काळात बंद पाडली गेली तेव्हा तिच्या नोंदी कुणी ठेवल्याच नाहीत. अशा माणसाकडे ७५ वर्षांचा कागद मागायचा म्हणजे त्याने काय दाखवावं? त्याचा पुरावा त्याच्या कंदांच्या वाफ्यात आणि देवरानात आहे. मौखिक साक्ष, गावातली जुनी ठिकाणं यांना पुरावा मानण्याची तरतूद कायद्याच्या नियमांत आहे. ती प्रामाणिकपणे वापरली तर बरंच काम होईल.

याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात, ट या उपखंडाच्या आसपास कुठेतरी दडल्यासारखा, एक हक्क लिहिलेला आहे: जैवविविधतेपर्यंत पोहोचण्याचा आणि तिच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावरच्या सामूहिक बौद्धिक संपदेचा. वाट आणि ज्ञान हे दोन्ही त्यात एकाच वाक्यात बांधलेले आहेत. दुसरीकडे जैविक विविधता कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना आणि आयुष वैद्यांना लाभवाटपातून सूट दिली. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या खटल्यात भारतीय कंपन्यांनाही वाटा द्यावा लागेल असा निकाल दिला होता. ही दुरुस्ती त्याच्यापासून माघार घेते. ज्ञान ग्रंथात शिरलं की फुकट, आणि ग्रंथाबाहेर राहिलं तर बेवारस. मग कुणब्याच्या वैजूने आपली मुळी वहीत उतरवून द्यावी तरी कशासाठी?

गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्या याच अविश्वासाने निर्जीव झाल्या आहेत. माधव गाडगीळ यांनी त्यांची कल्पना मांडली तेव्हा गावाने स्वतःच्या रानाचा हिशेब स्वतः ठेवावा हा हेतू होता. पुढे अनेक ठिकाणी मुदतीच्या दडपणाखाली, बाहेरच्या माणसांकडून, एका गावची यादी दुसऱ्या गावाला चिकटवून वह्या भरल्या गेल्या. जोयड्यात घरात कोंकणी बोली, भजनात मराठी आणि कचेरीत कन्नड. वही भरणाऱ्याला कंद सांगणाऱ्या बाईची बोली समजत नसेल तर त्या वहीत काय उतरणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. दिग्गीच्या वहीची एकच प्रत असावी आणि ती ग्रामसभेकडे राहावी. ती गावच्या बोलीत लिहावी, सांगणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीने घालावं, आणि बाहेरच्या कुणालाही ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय ती उघडू नये. त्याआधी सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर व्हावा, म्हणजे वहीत लिहिलेल्या झाडापर्यंत जायला कुणाची परवानगी लागणार नाही. व्याघ्रप्रकल्पाच्या व्यवस्थापनाने कुठून किती साल, किती फळ, कुठल्या महिन्यात, हे गावाबरोबर बसून ठरवावं. उप्पगे पिकण्याआधी कुणी तोडायचं नाही असा नियम गावाने केला तर तो मोडणाऱ्याला गाव ओळखतं, गस्तीचा पहारेकरी ओळखत नाही. जिल्ह्यातल्या होन्नळ्ळीच्या तुलसी गौडा यांनी वन खात्याच्याच रोपवाटिकेत अनेक वर्षं रोजंदारीवर काम केलं, झाडांच्या ज्ञानासाठी त्यांना पद्मश्री मिळाली आणि डिसेंबर २०२४मध्ये त्या गेल्या. खात्याला अशा माणसाच्या ज्ञानाचा उपयोग होतो हे खात्यालाच ठाऊक आहे. दिग्गीतल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या अशा बायकांना रोपवाटिकेत मजूर म्हणून न ठेवता शिक्षक म्हणून मानधनावर नेमावं, आणि गावच्या शाळेतली मुलं आठवड्यातून एक दिवस त्यांच्याबरोबर रानात जावीत. पुढच्या पावसाळ्याच्या आत आरोग्यकेंद्रात प्रतिविष लस असावी आणि तिथवर जाणाऱ्या ओढ्यांवर साकव बांधलेले असावेत.